थट्टा आणि विडंबन

गेल्या पावसाळ्यात आमच्या वर्गाच्या हस्तलिखितासाठी एका विद्यार्थ्याने विनोदी कविता आणून दिली. तीत एका वर्गबंधूच्या तोतरेपणाची थट्टा होती. यमके बिनचूक होती. तरीही आम्ही ती परत केली. “मग अत्र्यांनी नाही का कवींची टर उडविली?” असे त्याने विचारले. प्रश्न रास्त होता; म्हणून हा लेख.

प्रल्हाद केशव अत्रे यांचा जन्म १३ ऑगस्ट १८९८ रोजी आपल्याच पुणे जिल्ह्यात, सासवडजवळील कोडीत गावी झाला. पुढे लोणावळ्याशेजारी खंडाळ्यासही त्यांचा बंगला होता. ते मूळचे शिक्षक; १९२८ साली लंडनहून शिक्षकाची पदविका घेऊन आले. त्यापूर्वीच, १९२५ मध्ये, ‘केशवकुमार’ या नावाने त्यांनी ‘झेंडूची फुले’ हा संग्रह काढला होता.

त्या काळी कवितेत कृत्रिम विरहाचे व उसन्या भाषेचे पीक माजले होते. अत्र्यांनी काय केले? मूळ कवितेचे वृत्त व थाट तसाच ठेवून आत क्षुल्लक विषय भरला. त्यामुळे थाटाचा पोकळपणा आपोआप उघडा पडला. हे ज्याला साधावयाचे, त्याला मूळ कविता मुखोद्गत असावी लागते. कवितेवर प्रेम नसणारास विडंबन करिता येत नाही.

‘मोरूची मावशी’ हे इंग्रजी प्रहसनावरून रचलेले नाटक त्यांनी असे मराठमोळे केले की, त्याचे परकेपण जाणवत नाही. १९४० साली त्यांनी ‘नवयुग’ साप्ताहिक व १९५६ साली ‘मराठा’ दैनिक सुरू केले. संपादक या नात्याने त्यांची लेखणी कित्येकदा व्यक्तींवर घसरे. तेथे त्यांचे अनुकरण करू नये. मात्र साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’ वरून १९५३ मध्ये चित्रपट काढून साऱ्या महाराष्ट्राला रडविणारेही तेच होते. त्या चित्रपटास राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. १३ जून १९६९ रोजी ते निवर्तले.

बालमित्रांनो, ढोंग मनुष्य आपण होऊन पांघरतो. ते ओढून काढावे. तोतरेपण कोणी मागून घेत नाही. त्यावर हसणे हा विनोद नव्हे, क्रौर्य होय.

त्या विद्यार्थ्याने पुढे दुसरी कविता आणिली. तीत आमच्याच लांबलचक उपदेशांचे विडंबन आहे. ती आम्ही पहिल्या पानावर घेतली.