ग्रुपवर होमवर्क आलंय, फोन दे ना!

घरोघरी संध्याकाळी हे वाक्य ऐकू येतं. कुकर लावलेला असतो, ऑफिसची पर्स अजून सोफ्यावरच असते आणि मागून भुणभुण सुरू होते, “आई, दे ना!” नाही म्हणायची सोय नसते, शाळेनंच पाठवलंय ना!

आपण फोन देतो. वर “फक्त अभ्यास हं!” अशी ताकीदही देतो. अर्ध्या तासाने डोकावावं तर स्क्रीनवर क्रिकेट चालू. मग हिसकाहिसकी, आरडाओरडा, रुसवेफुगवे. पोरं झोपल्यावर आपण स्वतः अंथरुणात पडून तासभर रील्स सरकवतो, ते मात्र कोणी कोणाला सांगत नाही!

मार्च २०२० मध्ये करोनामुळे शाळा बंद झाल्या तेव्हा याच फोनमध्ये आपण सगळ्यांनी शाळा भरवली. दुसरा इलाजच नव्हता. पुढे वर्ग भरू लागले, डबे-दप्तरं निघाली, पण गृहपाठ काही फोनमधून वहीत परतला नाही.

त्या पोराच्या जागी बसून बघा. गणिताची पीडीएफ उघडली की वरून मित्राचा मेसेज टपकतो. बोट जरा सरकलं की गेम. इतकं सगळं समोर असताना मन आवरणं आपल्यालाही जमत नाही आणि दहा वर्षांच्या मुलाने मात्र ते करावं, अशी आपली अपेक्षा.

शिवाय कधीकधी तो खरंच अभ्यास करत असतो. बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन करून ‘दीक्षा’ अ‍ॅपवरचा धड्याचा व्हिडिओ बघत असतो. आपल्याला लांबून नुसती हलती चित्रं दिसतात. “अगं, पुस्तकातलंच आहे...” हे त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन काढून घेतलेला असतो. हा अपमान पोरांना फार लागतो. पुढच्या वेळी ती खरं सांगायच्या भानगडीतच पडत नाहीत.

म्हणून आमच्याकडे हल्ली फोन हातात येताच आधी गृहपाठ डायरीत उतरवून घ्यायचा आणि फोन परत द्यायचा. व्हिडिओ बघायचाच असेल तर तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर, माझी पोळी लाटून होईपर्यंत. रोज जमतं असं नाही. पाहुणे आले, मीटिंग लांबली की सगळं बारगळतं. पण भांडणं कमी झाली आहेत, हे खरं.

काही शाळा टॅब देतात आणि “शाळेने लॉक केलाय” म्हणून आपण निर्धास्त होतो. कुठली अ‍ॅप चालायची, कुठल्या साइट उघडायच्या हे शाळा ठरवू शकते. पण टॅब रात्री कितीला बंद करून कुठे ठेवायचा, हे घरानेच ठरवायचं. मुलाला स्वतःचा अँड्रॉइड फोन दिला असेल तर ‘फॅमिली लिंक’ अ‍ॅपवर रोजची वेळ बांधून देता येते. जरूर द्या, पण त्याला शेजारी बसवून, काय लावतोय आणि का, ते सांगून. गुपचूप लावलेली कुलपं पोरं उघडतात आणि वर वर्गभर शिकवतात!

याउलट, सगळ्यांसाठी उघडपणे लावलेला नियम बघा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये संध्याकाळी सातला भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाइल बंद. त्यात मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू? तो भोंगा फक्त पोरांसाठी नव्हता. आईची मालिका आणि बाबांचा फोनही त्यात आला. शहरातल्या सोसायटीत कोण भोंगा वाजवू देणार म्हणा! पण जेवताना घरातले सगळे फोन फ्रीजवर ठेवायला कोणाची परवानगी लागत नाही.

राहिली शाळा. पालक सभेत आपण मार्क आणि बसची फी यांवर तावातावाने बोलतो, हा विषय मात्र राहून जातो. गृहपाठ वर्गातच डायरीत लिहून देता येईल का? संध्याकाळी उशिरा ग्रुपवर काही टाकलं नाही तर चालेल का? टॅबवर रोज किती वेळ काम अपेक्षित आहे? शांतपणे विचारलं तर बाईही ऐकतील. त्यांनाही रात्री नऊला पालकांचे मेसेज नकोच असतात, आणि त्यांच्या घरीही कोणीतरी फोन मागत असेलच.

येत्या सभेत मी हे विचारणार आहे. तुमच्या शाळेत तुम्ही विचारा.