परसबागेंत लवकर पिकणारा टोमॅटो

गणेशचतुर्थी जवळ आली म्हणजे परसांतील वाफे उकरले जातात आणि दर वर्षींचा प्रश्न पुन्हां निघतो : सर्वांत लवकर पिकणारी टोमॅटोची जात कोणती ? प्रश्न लहान दिसतो, पण त्याच्यामागें विहिरीच्या पाण्याचा हिशेब आहे. देशावरील पुष्कळ विहिरी माघ-फाल्गुनांत तळ गांठूं लागतात. त्याच सुमारास ऊन चढतें, पांढरी माशी वाढते, आणि तिच्यामार्फत पसरणारा बोकड्या रोग झाडांचीं पानें मुरडून त्यांची वाढ खुंटवितो. ज्या झाडानें पौषापर्यंत घरांत फळ दिलें नाहीं, त्यानें पुढें भरपूर द्यावें ही आशा बहुधा व्यर्थ ठरते. म्हणून लवकर येणाऱ्या जातींचा विचार येथें थोड्या विस्तारानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. दिवस कोठून मोजावे

बियांच्या पाकिटावर ‘६० दिवस’ किंवा ‘६५ दिवस’ असें छापलेलें असतें. हे दिवस बहुधा पेरणीपासूनचे नसून, रोपें वाफ्यांतून काढून कायम जागीं लाविल्यापासूनचे असतात. रोप तयार होण्यास लागणारे २५ ते ३० दिवस निराळेच. म्हणजे ६० दिवसांची जात पेरल्यापासून सुमारें तीन महिन्यांनीं पहिलें फळ देते. एका पाकिटावर लावणीपासूनचे ६५ दिवस व दुसऱ्यावर पेरणीपासूनचे ९० दिवस लिहिले असतील, तर त्या दोन्ही जाती जवळजवळ सारख्याच समजाव्या. बीं घेतांना हा खुलासा अवश्य करून घ्यावा. तसेंच हा आंकडा पहिल्या फळाचा आहे, भर तोडणीचा नव्हे, हेंही ध्यानांत ठेवावें.

२. कांहीं जाती लवकर कां येतात

याचीं मुख्य कारणें दोन आहेत. पहिलें झाडाच्या ठेवणींत आहे. उंच वाढणाऱ्या जातींचा शेंडा सतत वाढत राहतो. त्यांवर आठ-दहा किंवा अधिक पानें आल्यावर फुलांचा पहिला घोस दिसतो, व पुढें साधारणपणें दर तीन पानांमागें एक घोस येतो. बुटक्या जातींत पहिला घोस लवकर येतो, दोन घोसांमधील पानें कमी असतात, आणि शेवटीं शेंड्यावरच घोस येऊन वाढ थांबते. हा गुण १९१४ सालीं अमेरिकेंतील फ्लॉरिडा संस्थानांत आपोआप उत्पन्न झालेला आढळला, आणि पुढें संकरानें तो पुष्कळ जातींत उतरविण्यांत आला.

दुसरें कारण फळाचा आकार होय. बोराएवढें फळ फूल उमलल्यापासून सुमारें ३५ ते ४५ दिवसांत पिकतें. मोठ्या, मांसल फळास ५० दिवस किंवा त्याहून अधिक लागतात. बुटकें झाड आणि मोठें फळ, किंवा उंच झाड आणि लहान फळ, अशाही जोड्या असतात. म्हणून केवळ ‘बुटकी जात’ एवढ्यावरून निर्णय करूं नये.

३. कोणत्या जाती लावाव्या

घरांत पहिला टोमॅटो हवा असेल, तर बारीक फळांच्या, ज्यांस चेरी टोमॅटो म्हणतात त्या जातींचीं दोन-तीन झाडें अवश्य लावावीं. त्यांपैकीं बहुतेक उंच वाढतात व त्यांस आधार लागतो. परंतु फळ लहान असल्यामुळें पहिला मान बहुधा त्यांचाच असतो.

भाजी-आमटीच्या उपयोगासाठीं नवी दिल्ली येथील भारतीय कृषि संशोधन संस्थेच्या दोन जुन्या जाती सांगण्यासारख्या आहेत. पुसा अर्ली ड्वार्फ ही इंप्रूव्हड मेरुती व रेड क्लाउड यांच्या संकरांतून निघालेली बुटकी जात असून तिचीं फळें थोड्या काळांत एकदम येतात. पुसा रुबी ही सू व इंप्रूव्हड मेरुती यांच्या संकराची जात लावणीपासून ६० ते ६५ दिवसांत पिकूं लागते आणि तिचें झाड पुढेंही वाढत राहून फळें देतें. फळ चपटें, किंचित् पाकळ्यांचें व आंबटसर असतें. मात्र ही जात बोकड्या रोगास लवकर बळी पडते. ती उशिरां लावूं नये.

परदेशी याद्यांतून ‘जगांतील सर्वांत लवकर’ म्हणून कांहीं नांवें आढळतात. कॅनडांतील आल्बर्टा प्रांतीं बीव्हरलॉज येथें तयार झालेली सबआर्क्टिक प्लेंटी हें त्यांतील एक. अशा जाती आखूड व थंड उन्हाळ्याच्या मुलुखासाठीं केलेल्या आहेत. त्यांचें झाड लहान व पानोळा विरळ असल्यामुळें आपल्या कडक उन्हांत फळें भाजण्याचा संभव असतो. हौसेखातर एखादें झाड लावावें; घरचें पीक त्यांवर सोंपवूं नये.

४. जात लवकरची, पीक उशिराचें

जात चांगली असूनही पीक लांबतें, याचा अनुभव आम्हीं घेतला आहे. एके वर्षीं फळ लवकर यावें या उत्साहानें पुसा रुबीच्या एका ओळीस आम्हीं पुन्हां पुन्हां युरिया दिला. झाडें कमरेएवढीं वाढलीं, पानें काळीभोर झालीं. येणारा-जाणारा थांबून वाखाणणी करी. शेजारच्या ओळीस केवळ कुजलेलें शेणखत होतें व ती बापुडवाणी दिसे. परंतु स्वयंपाकघरांत प्रथम गेलीं तीं त्या बापुडवाण्या ओळीचींच फळें. ‘मोठ्या झाडांचे टोमॅटो केव्हां खायचे ?’ असें घरांतून विचारणें झालें, तेव्हां आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. नत्र अधिक झालें कीं झाड पानांच्या मागें लागतें व फुलें लांबतात, एवढाच त्याचा अर्थ.

हवेचाही असाच परिणाम होतो. रात्रीचें उष्णमान १५ ते २० अंश सेल्सिअस असल्यास फळ चांगलें धरतें. तें १३ अंशांखालीं गेलें किंवा दिवसा ३५ अंशांवर चढलें, तर फुलें गळतात. थंडींत फळ पिकण्यासही अधिक दिवस लागतात. म्हणून कार्तिक उलटल्यावर लाविलेली लवकरची जात वेळेवर लाविलेल्या साध्या जातीच्याही मागें पडते.

५. लागवडीचा क्रम

बीं सप्टेंबरच्या पहिल्या पंधरवड्यांत गादीवाफ्यावर टाकावें. पांढरी माशी शिरूं नये म्हणून वाफ्यावर बारीक नायलॉनची जाळी घालावी. २५ ते ३० दिवसांचीं, वीतभर उंचीचीं, ठेंगणीं व जाड दांड्याचीं रोपें निवडावीं. वाफ्यांतच फुलावर आलेलें रोप लवकर फळ देईल असें वाटतें. प्रत्यक्षांत तें लावणीनंतर नीट मूळ धरीत नाहीं. बुटक्या जातीस ६० × ४५ व उंच जातीस ९० × ६० सेंटिमीटर अंतर ठेवावें. पाणी बेताचें पण नियमित द्यावें. वारा पडलेला असेल, तर सकाळीं आधाराची काठी हलकेच हलवावी. तेणेंकरून पराग झडून फळधारणेस साहाय्य होतें.

फळाच्या बुडाशीं तांबूस छटा दिसतांच तें तोडून घरांत सावलींत ठेविलें असतां रंग पुरा भरतो. टोपलींत एक पिकलेलें केळें ठेवावें. त्यांतून निघणाऱ्या एथिलीन वायूनें टोमॅटो लवकर पिकतात.

आमच्या मतें दहा झाडांच्या परसांत दोन चेरी, चार पुसा अर्ली ड्वार्फ व चार पुसा रुबी अशी वांटणी योग्य होईल. एकीचा बहर सरतो तों दुसरीचा सुरू असतो. या दोन्ही पुसा जाती संकरित नसून सरळ असल्यामुळें, प्रथम पिकलेल्या निरोगी झाडाचें चांगलें फळ राखून त्याचें बीं पुढील वर्षासाठीं धरतां येतें. संकरित जातींचें धरूं नये.

शेवटीं एकच विनंति. पेरणी, लावणी व पहिलें पिकलेलें फळ, या तीन तारखा वहींत टिपून ठेवाव्या. दोन-तीन वर्षांच्या अशा टिपणावरून आपल्या जमिनींत व आपल्या पाण्यावर कोणती जात लवकर येते हें जितकें खात्रीनें कळेल, तितकें कोणत्याही पाकिटावरून किंवा आमच्या या लेखावरूनही कळणार नाहीं.