अँटिबायोटिकची पुडी आणि उसाचे बेणे



लिंबागणेश गटात खोडव्याची पाहणी करीत असताना एका सभासदाने बांधावरच गाठले. म्हणाले, "साहेब, उसात नुसतं गवत माजल्यासारखं झालंय. दोन वेळा पुडी फवारली, पण फरक नाही." खिशातून रिकामी पुडी काढून दाखवली. शेजाऱ्याने डाळिंबाच्या तेल्या रोगासाठी आणलेले अँटिबायोटिक यांनी उसावर मारले होते. प्लॉटात जाऊन पाहिले तर जागोजाग बेटे गवताळ झालेली. बारीक, दाट फुटवे, पाने फिकट पांढरी, आणि गाळपाजोगा ऊस एकही नाही. खरी काळजी पुढेच होती. याच प्लॉटातले बेणे त्यांनी स्वतःसाठी राखले होते, आणि पाहुण्यांनाही कबूल केले होते.

असे आणखी कोणाचे होऊ नये, म्हणून हा विषय या अंकात घेतला आहे.

अँटिबायोटिक म्हणजे काय?

जमिनीत असंख्य सूक्ष्मजीव राहतात. त्यांतले काही आपल्या बचावासाठी असा पदार्थ तयार करतात की त्याने शेजारचे दुसरे सूक्ष्मजीव मरतात किंवा त्यांची वाढ थांबते. हा पदार्थ म्हणजे अँटिबायोटिक, मराठीत प्रतिजैविक. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, तो देणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या कुळातूनच यांतली बरीच औषधे मिळाली. १९४३ साली अमेरिकेत वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत सापडलेले स्ट्रेप्टोमायसिन त्यांपैकीच. क्षयरोगावर गुण देणारे ते पहिले प्रभावी औषध ठरले.

पिंपरीचे संशोधन

या बाबतीत आपला महाराष्ट्र मागे नव्हता. पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला. माणसांसाठी पेनिसिलिन तयार करणे हे त्याचे पहिले काम. पण तेथील शास्त्रज्ञ डॉ. तिरुमलाचार मूळचे बुरशीशास्त्राचे जाणकार. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मातीतल्या सूक्ष्मजीवापासून ऑरिओफंगिन हे बुरशीनाशक अँटिबायोटिक शोधले आणि १९६४ साली त्याची माहिती प्रसिद्ध केली. लिंबूवर्गीय झाडांचा डिंक्या, द्राक्षावरील भुरी व केवडा, भातावरील करपा अशा बुरशीजन्य रोगांवर त्याचे प्रयोग झाले.

याच कारखान्याचे दुसरे नाव घरोघर पोचले, ते स्ट्रेप्टोसायक्लिनचे. त्यात नऊ भाग स्ट्रेप्टोमायसिन व एक भाग टेट्रासायक्लिन. हे औषध जीवाणूंवर चालते. लिंबाचा खैऱ्या, कपाशीवरील जीवाणूजन्य करपा, डाळिंबाचा तेल्या यांवर शेतकऱ्यांनी ते वर्षानुवर्षे वापरले. म्हणजे कारखाना एकच, पण एक औषध बुरशीचे व दुसरे जीवाणूचे. एकाचे काम दुसरे करीत नाही.

मग उसाला गुण का नाही?

कारण रोग ओळखल्याशिवाय औषध दिले. उसाची काणी बुरशीमुळे होते. शेंड्यातून चाबकासारखा काळा पट्टा निघतो. तिथे जीवाणूंचे औषध काय करणार? खोडवा खुजा करणारा रोग जीवाणूचा खरा, पण तो जीवाणू उसाच्या आत, पाणी वाहणाऱ्या नळ्यांत बसतो. वरून फवारलेले औषध तिथवर पोचत नाही. गवताळ वाढ होते ती फायटोप्लाझ्मा नावाच्या अतिसूक्ष्म जीवामुळे. प्रयोगात टेट्रासायक्लिन दिल्यावर लक्षणे काही काळ दबतात, पण रोग मुळातून जात नाही. औषध थांबले की पुन्हा डोके वर काढतो. तो पसरतो मुख्यतः रोगट बेण्यातून, आणि तुडतुड्यांमार्फतही.

आणखी दोन गोष्टी

एक. काही जण बेणेप्रक्रियेच्या पाण्यातच ही पुडी टाकतात. त्याच बेण्याला आपण ॲसिटोबॅक्टर हे जीवाणू खत लावतो. पुडी जीवाणू मारणारी, खत जीवाणूंचे. एका हाताने पेरायचे आणि दुसऱ्या हाताने उपटायचे, असा हा प्रकार आहे.

दोन. ही औषधे माणसांचीही आहेत. शेतात ती वारेमाप वापरली की जीवाणू त्यांना सरावतात, आणि उद्या घरातल्या आजाऱ्यालाच औषध लागू पडत नाही. म्हणूनच डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने स्ट्रेप्टोमायसिन व टेट्रासायक्लिनचा शेतीतील वापर बंद करण्याचा मसुदा आदेश काढला. त्यात वापर थांबविण्यासाठी १ जानेवारी २०२४ ही मुदत घातली होती. तेव्हा जुन्या शिफारशीवर विसंबून कोणत्याही पिकासाठी पुडी आणू नका. आधी कृषी खात्याकडे विचारा.

काय करावे?

१) गवताळ किंवा काणीचे बेट दिसताच मुळासकट खणून जाळावे. काणीचा पट्टा आधी पिशवीत झाकावा, म्हणजे काळी भुकटी उडणार नाही.

२) रोगट प्लॉटाचे बेणे घेऊ नये आणि देऊ नये. त्याचा खोडवाही ठेवू नये.

३) बेणे मळ्यातलेच, ९ ते ११ महिन्यांचे बेणे वापरावे. मूलभूत बेण्याला ५० अंश सेल्सिअसच्या पाण्यात २ तास, किंवा ५४ अंशांच्या दमट गरम हवेत अडीच ते चार तास प्रक्रिया करतात. गवताळ वाढ व खोडवा खुजा रोग रोखण्याचा हाच भरवशाचा उपाय. हे काम यंत्रावरच करायचे, घरच्या कढईत नव्हे. उष्णता जास्त झाली तर डोळे मरतात.

४) लागणीआधी १०० लिटर पाण्यात १०० ग्रॅम कार्बेन्डॅझिम मिसळून टिपरी १० मिनिटे बुडवावीत. सावलीत सुकवून मग ॲसिटोबॅक्टरच्या द्रावणात अर्धा तास ठेवावीत.

बालाघाटावर पाण्याचा थेंब मोलाचा. रोगट बेटही निरोगी बेटाइतकेच पाणी व खत खाते, पण वजनकाट्यावर काहीच येत नाही.

त्या सभासदाने रोगट बेटे खणून जाळली आणि राहिलेला सगळा ऊस गाळपाला दिला. पाहुण्यांना नाही म्हणणे त्यांना जड गेले. मला म्हणाले, "राग येईल त्यांना, पण त्यांच्या रानात रोग तर जाणार नाही." सभासदाने सभासदाशी असेच वागावे. बेण्याची मागणी लागणीच्या पुरेशी आधी गट कार्यालयात नोंदवावी, आणि संशय आल्यास बेट दाखवायला आम्हाला बोलवावे.

आपला,
ऊस विकास अधिकारी