विहिरीवरच्या पेटीतला लोहचुंबक

लोहचुंबक सर्वांनी पाहिला आहे. माझ्याजवळ जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला गोल चुंबक आहे. दोरी बांधून मी तो ओढ्याच्या वाळूतून फिरवतो. वर उचलला की त्याला काळी बारीक वाळू दाढीसारखी चिकटलेली असते. ते लोखंडाचे खनिज आहे. गुरुजींनी त्याचे नाव मॅग्नेटाइट असे सांगितले. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातला काळा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा आहे. त्यात हे कण असतात. पाषाण झिजतो आणि पावसाच्या पाण्याबरोबर कण ओढ्यात येतात.

माझा हा चुंबक दिवसरात्र चुंबकच असतो. पण दुसऱ्या एका जातीचा चुंबक वीज असेपर्यंतच चुंबक असतो. वीज गेली की ते नुसते लोखंड. त्याला विद्युतचुंबक म्हणतात. आमच्या विहिरीवर मोटारीच्या स्टार्टरमध्ये तो आहे, हे मला यंदाच कळले. त्याआधी मी केलेला प्रयोग सांगतो.

एक लोखंडी खिळा घेतला. मोटारीचे वाइंडिंग करणाऱ्या दुकानातून तांब्याची उरलेली तार आणली. खिळ्यावर ४० वेढे दिले आणि तारेची दोन टोके टॉर्चच्या सेलला लावली. काहीच झाले नाही. सेल बदलला, तरी नाही. मला रडू आले (थोडेसेच). मग गुरुजी म्हणाले, "अरे, टोके खरवड." त्या तारेवर वार्निशासारखा लेप असतो, त्यातून वीज जात नाही. तो असतो म्हणून वीज एका वेढ्यातून दुसऱ्यात उडी न मारता सगळे वेढे फिरून जाते. टोके खरवडली आणि खिळ्याने ७ टाचण्या उचलल्या. वेढे २० केले तर ३ च. जुना सेल लावला तर त्याहून कमी. तार सोडली की टाचण्या पटापट खाली पडतात. एक मात्र तशीच लटकून राहिली, कारण खिळ्यात थोडे चुंबकत्व मागे उरते.

विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते, हे १८२० साली डेन्मार्कच्या ओर्स्टेड यांनी दाखवले. आपल्या महाराष्ट्रात तर या सुईपायी अख्खे काम गाव सोडून गेले! मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत पृथ्वीचे चुंबकत्व मोजत असत. मुंबईत घोड्यांच्या ट्रामऐवजी विजेच्या ट्राम येणार असे ठरले. त्या विजेने सुया हलल्या तर मोजमाप चुकणार. तेव्हा नानाभाय मूस हे वेधशाळेचे प्रमुख होते. १९०४ मध्ये हे काम अलिबागला नेले. तेथली खोली चुंबकाला न ओढणाऱ्या वस्तूंनीच बांधली. अजून तेथे मोजमाप चालते.

आता आमची विहीर. स्टार्टरचे हिरवे बटण दाबले की पेटीतल्या कॉइलमध्ये वीज जाते. कॉइल म्हणजे माझ्या खिळ्यावरचे वेढेच, पण कितीतरी जास्त. आतले लोखंड चुंबक बनते आणि समोरचा लोखंडी तुकडा खाडकन ओढून घेते. त्याबरोबर तिन्ही फेजचे पॉइंट जुळतात आणि मोटार चालू होते. लाईट गेली की चुंबक मेला. स्प्रिंग तुकड्याला मागे ढकलते. यालाच अण्णा "स्टार्टर पडला" म्हणतात. कॉइलला जाणारा रस्ताही तेव्हाच तुटतो, म्हणून लाईट परत आली तरी मोटार चालू होत नाही. बटण पुन्हा दाबावेच लागते. व्होल्टेज कमी असले तर स्टार्टर नुसता तडतडतो. तो माझ्या जुन्या सेलसारखाच प्रकार आहे.

आमच्याकडे पाळी रात्रीची असली की अण्णा उसाच्या कडेने विहिरीवर जातात. उसात बिबट्या असतो. मागे एका रात्री लाईट तीनदा गेली आणि अण्णा तीनदा गेले. आई दारातच बॅटरी धरून उभी होती. मला त्या पेटीचा फार राग आला. मी अण्णांना म्हणलो, "बटणात काडी खोचून ठेवा ना, लोक ठेवतात." अण्णा म्हणाले, "एक फेज नसताना मोटार चालू राहिली तर जळते. आणि कुणी दुरुस्तीला हात घातलेला असताना लाईट आली तर?" म्हणजे चुंबकाने सोडून देणे हे त्याचे कामच आहे. तिन्ही फेज पाहून स्टार्टर आपोआप चालू करणारा ऑटोस्विच मिळतो. तो लावला तरी दुरुस्तीआधी मेन स्विच बंद करावाच लागतो. कांद्याचे पैसे आले की आम्ही तो घेणार आहोत. तोवर मी अण्णांबरोबर जायला तयार आहे, पण आई सोडत नाही.

खिळा, तार आणि सेल खिडकीजवळच्या टेबलावर ठेवले आहेत. पाहुण्यांनी करून पाहावे. तार फार वेळ जोडून ठेवू नये, ती तापते आणि सेल संपतो. घरच्या बोर्डाला तर ही तार मुळीच लावू नये. टाचण्या ५० आहेत, मोजून डबीत ठेवाव्यात.