ड्रेन पावडर, लिंबू आणि डोळा

वॉशिंग मशीनमधलं पाणी जात नाही म्हणून माझ्याकडे कोणी येत नाही. येतात ते त्यावर घरच्या घरी केलेली दुरुस्ती अंगावर आल्यावर. मनगट सोललेलं, डोळा मिटलेला आणि वरून कुणीतरी मायेने फासलेली टूथपेस्ट.

गेल्या पावसाळ्यात आलेले एक गृहस्थ घ्या. मशीनच्या ड्रममध्ये पाणी तुंबलेलं. कुठल्याशा व्हिडिओत पाहून त्यांनी सिंकसाठी आणलेली ड्रेन पावडर ड्रममध्ये ओतली आणि थोड्या वेळाने वाकून खालचा फिल्टर उघडला. सगळं पाणी हातावर आणि उजव्या डोळ्यात. बायको नळाकडे ओढत होती, पण सासूबाई आडव्या आल्या: "पाणी लावू नका, फोड येतील!" मग मनगटावर लिंबू, डोळ्यात गुलाबपाणी आणि रिक्षा. पाऊण तास फुकट गेला. डोळा वाचला, नजर अजून धुरकट आहे.

पाण्याने फोड येतात, हा समज काही केल्या मरत नाही. अहो, फोड येतो तो भाजल्यामुळे. पाणी लावा, न लावा, यायचा तो येतोच. ड्रेन पावडरीत बहुधा कॉस्टिक सोडा असतो. अ‍ॅसिडने भाजलं की वरचा थर गोठतो आणि तोच थोडाफार आडवा येतो. कॉस्टिक त्वचेतल्या चरबीचा साबण करत आत उतरतच राहतो. म्हणून हात बुळबुळीत लागतो. सुरुवातीला फारसं दुखत नाही, आणि तिथेच माणूस फसतो. लिंबाने उतारा पडत नाही. उलट त्या क्रियेत उष्णता निघते आणि वेळ जातो तो वेगळाच.

कोरडी पावडर असेल तर आधी झटका, भिजलेले कपडे काढा आणि नळाखाली धरा. दोन मिनिटं नव्हे, निदान वीस-तीस मिनिटं, घड्याळ लावून. डोळा बोटांनी उघडा धरा, लेन्स असेल तर काढा. पाणी नाकाकडून कानाकडे वाहू द्या, म्हणजे दुसऱ्या डोळ्यात जाणार नाही. धुऊन बरं वाटलं तरी त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. लाल डोळ्याला सगळे घाबरतात. मला जास्त भीती वाटते ती अशा अपघातानंतर पांढराफटक पडलेल्या डोळ्याची. त्याचा रक्तपुरवठाच गेलेला असू शकतो.

बरं, त्या मशीनमध्ये अडकलं होतं काय? नाणं आणि केसांची पिन. ती कॉस्टिकने विरघळत नाहीत. प्लग काढा, नळ बंद करा, पाणी गार होऊ द्या, मागचा पाइप दुमडलाय का पाहा. फ्रंट लोड असेल तर खाली ताट ठेवून फिल्टर हळूहळू सैल करा. तरीही पाणी जाईना, तर मेकॅनिक बोलवा. आणि पावडर आधीच टाकली असेल, तर फिल्टरला हातही लावू नका. मेकॅनिकला मात्र ते आधी सांगा.

मोरीत अ‍ॅसिड आणि ब्लीच एकत्र ओतणारे तर वेगळेच शूर. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. लगेच मोकळ्या हवेत या. ठसका थांबला म्हणून निश्चिंत होऊ नका. फुप्फुसांत पाणी काही तासांनीही भरू शकतं. धाप, छातीत घरघर किंवा ओठ निळसर दिसले, तर १०८ ला फोन करा.

आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत अ‍ॅसिड भरून ठेवणाऱ्यांना काय म्हणावं! मुलाने घोट घेतला तर मिठाचं पाणी पाजून, घशात बोट घालून उलटी काढू नका. खाली जाताना जाळलंय, वर येताना पुन्हा जाळेल. लिंबू-सोड्याचे उतारेही नकोत. तोंडात जखम दिसत नसली तरी अन्ननलिका भाजलेली असू शकते. लाळ गळतेय, आवाज घोगरा झालाय, गिळवत नाहीये, तर माझ्या दवाखान्यातही थांबू नका, थेट मोठं रुग्णालय गाठा. ती बाटली सोबत घ्या, लेबल फाटलेलं असलं तरी.