जुनी फायबरची शिडाची होडी : दुरुस्तीचे कसब आणि हिशेब

फायबरची होडी म्हटली की लोकांच्या डोळ्यांपुढे प्लास्टिक येते. आम्ही कापडवाले, आम्हाला तिच्यात आधी कापड दिसते. काचेच्या धाग्याचे कापड अंथरायचे, त्यात रेझिन मुरवायचे, थरावर थर चढवायचे आणि घट्ट झाले की होडी. म्हणून या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

अमेरिकेच्या ऱ्होड आयलंड राज्यातील क्लिंटन आणि एव्हरेट पिअर्सन या चुलतभावांनी जानेवारी १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात ‘ट्रायटन’ ही सुमारे २८ फुटी शिडाची होडी मांडली. आराखडा कार्ल अल्बर्ग यांचा. १९६७ पर्यंत अशा सुमारे ७०० होड्या तयार झाल्या. माल नवा होता, त्यामुळे त्या काळचे कारखानदार हात राखून काम करीत नसत. थर जाड देत. यातल्याच ‘ॲटम’ नावाच्या होडीतून जेम्स बाल्डविन यांनी दोन वेळा पृथ्वीप्रदक्षिणा केली. साठ वर्षांनंतरही यातल्या कित्येकींचे धड शाबूत आहे.

मग अशा होड्या किनाऱ्यावर बेवारस का पडतात? बहुतेक वेळा खोट डेकमध्ये असते. डेक हलका आणि ताठ राहावा म्हणून फायबरच्या दोन पातळ थरांमध्ये बाल्सा लाकडाचे अस्तर घातलेले असते. डेकवर कडी, कठडा, खुंटी बसवताना भोके पाडतात. त्या भोकांचे सील काही वर्षांत सुटते, पाणी आत झिरपते आणि अस्तर कुजते. वरून मात्र सारे चकचकीत.

हे ओळखण्यास मशीन लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ घेऊन डेकवर वितीवितीने ठोकत जावे. खणखणीत आवाज आला तर अस्तर कोरडे. बद्द आवाज आला की तिथे खडूने रेघ ओढावी. खडूच्या रेघा जोडल्या की कुजलेल्या भागाचा नकाशाच तयार होतो. तरीही कारागीर बंधूंनी डेक उघडण्यापूर्वी ठोक भाव सांगू नये. उघडून पाहण्याची मजुरी वेगळी घ्यावी, आत काय निघाले ते मालकास दाखवावे, मग कामाचा भाव बोलावा. बंद डेकवर भाव सांगितला की एक तर स्वतःचे नुकसान, नाही तर कामात चोरी. तिसरा मार्ग आम्हास दिसलेला नाही.

उघडताना वरचा थर जपून कापून काढावा, तो परत बसवता येतो. ओले लाकूड खरवडून काढावे, आतील भाग पूर्ण वाळू द्यावा. नवे बाल्सा इपॉक्सीत बसवावे. यापुढे पाडायचे प्रत्येक भोक आधी मोठे पाडून घट्ट इपॉक्सीने भरावे आणि त्यातून नवे भोक पाडावे, म्हणजे पाणी झिरपले तरी लाकडाला शिवत नाही.

धडाला भोक पडले असेल तर रफूगराची युक्ती आठवावी. रफूगर धागा भोकाच्या काठावर संपवीत नाही, बाजूच्या चांगल्या कापडात दूरवर नेतो. इथेही तेच. काठ उतरता घासायचा, जाडीच्या बारा पट. धड ६ मिलिमीटर जाड असेल तर चहूबाजूंनी ७२ मिलिमीटर उतार. हा उतार न घासता नुसते ठिगळ चिकटवले तर लाटांच्या माराने ते एक दिवस सुटते आणि तो दिवस भर समुद्रातला असतो.

आता मालाची खरेदी. मॅट म्हणजे तुटक्या धाग्यांचा नमदा. तिला बांधून ठेवणारा डिंक पॉलिएस्टर रेझिनमधील स्टायरीनमध्ये विरघळतो, इपॉक्सीत विरघळत नाही. आमच्या ओळखीच्या एका कारागिराने दुकानदाराच्या सांगण्यावरून साधी मॅट इपॉक्सीसोबत वापरली. ती मुरलीच नाही, सारा माल फुकट गेला. इपॉक्सीसोबत विणलेले किंवा टाके घातलेले कापड घ्यावे. जुन्या, घट्ट झालेल्या धडाला इपॉक्सीची पकड पॉलिएस्टरपेक्षा चांगली. मात्र इपॉक्सीवर जेलकोट भरवशाने बसत नाही, रंगच द्यावा. पॉलिएस्टर रेझिन घेताना डब्यावरील तारीख पाहावी. काही महिन्यांत ते खराब होते, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

कोकण किनाऱ्यावर मच्छीमारांच्या फायबर होड्यांना हेच पॉलिएस्टर वापरतात. तिथल्या आणि सर्वच कारागिरांना एक ताकीद : कोबाल्ट आणि हार्डनर थेट एकमेकांत कधीही ओतू नये, स्फोट होतो. आधी रेझिनमध्ये कोबाल्ट पूर्ण मिसळावे, नंतर हार्डनर. दोन्हींची मापेसुद्धा वेगळी ठेवावीत. घासताना मास्क लावावा. काचेची धूळ फुप्फुसाला चांगली नाही.

बुडाला फोड आले असतील आणि फोडल्यावर व्हिनेगरसारखा वास आला तर घाबरू नये. घासून, गोड्या पाण्याने वारंवार धुऊन, महिनोन् महिने वाळवून मग इपॉक्सी द्यावी. डोलकाठीचे तणावे ज्या पोलादी पट्ट्यांना बांधतात, त्या मात्र काढूनच पाहाव्यात. स्टेनलेस पोलाद डेकच्या आत ओलीत दबून राहिले की लपून गंजते. पट्टी तुटली की डोलकाठी जाते.

राहिला हिशेब. लाकडी होडी मोडली तर निदान सरपण मिळते, लोखंडी मोडली तर भंगाराचा भाव. फायबरला भंगारात गिऱ्हाईक नाही, उलट विल्हेवाटीलाच पैसे लागतात. फ्रान्समध्ये तर २०१९ पासून नव्या होडीच्या विक्रीच्या वेळीच यासाठी रक्कम घेतली जाते. तेव्हा कोणी जुनी होडी फुकट देऊ करीत असेल तर तो कदाचित आपला खर्च आपल्या गळ्यात घालीत आहे, हे जाणून घ्यावे. डेक, तणावे, शिडे, इंजिन यांची वेगवेगळी बेरीज कागदावर मांडावी आणि मगच होडी ओढून आणण्याचे भाडे ठरवावे.