सदतीस की त्र्याहत्तर?

गणित म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या कपाळाला आठ्या पडतात. गणित टाळण्यासाठीच कलाशाखेकडे वळलेल्यांपैकी मीही एक. म्हणूनच गेल्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातील एका अभ्यासिकेत सहावीच्या मुलांना गणित शिकवण्याचे काम अंगावर आले, तेव्हा मुलांपेक्षा मीच अधिक घाबरलो होतो. त्या वर्षाने मला जे शिकवले, ते येथे मांडतो.

वर्गात एक मुलगी होती. घरची भाषा तेलुगू, वडील यंत्रमागावर, आई विड्या वळणारी. मी तोंडी गणित घातले, "सदतीसमध्ये पंचवीस मिळवा." तिने उत्तर लिहिले १२५. मी फुली मारली. असे पंधरा दिवस चालले. एके संध्याकाळी तिची आई आली आणि म्हणाली, "सर, हिला गणित येत नाही. पुढच्या वर्षी शाळा बंद करते, माझ्या हाताशी बसू दे." मी म्हणालो, "अक्का, परीक्षेपर्यंत तरी थांबा." पण माझ्यापाशी उपाय नव्हता.

त्या रात्री मी तिची वही पुन्हा उघडली. तिने मांडले होते ७३ अधिक ५२, आणि त्याची बेरीज १२५ हीच बरोबर आहे! चूक बेरजेत नव्हतीच. दुसऱ्या दिवशी तेच गणित मी फळ्यावर अंकांत लिहिले. तिने क्षणात ६२ सांगितले. मग मी विचारले, "घरी ३७ला काय म्हणता?" ती म्हणाली, "मुप्पै एडु."

मुप्पै म्हणजे तीस, एडु म्हणजे सात. तेलुगूत दशक आधी येतो, एकक नंतर. लिहितानाही तोच क्रम. अक्कलकोटकडच्या कानडी मुलांचे 'मूवत्तेळु' असेच, आणि इंग्रजीही तसेच. मराठीत मात्र 'सदतीस' म्हणताना सात आधी ऐकू येतात आणि तीस नंतर. जर्मन भाषेतही हीच उलट रीत आहे. त्यात आपले 'एकोणचाळीस'! कानावर चाळीस पडतात आणि लिहायचे मात्र तीन आणि नऊ. मुलगी ऐकले तसे, ऐकले त्या क्रमाने लिहीत होती.

पुढे मी तीन गोष्टी केल्या. पहिली, संख्या सांगितल्यावर लगेच लिहायची नाही. आधी "तीस आणि सात" अशी फोड मोठ्याने म्हणायची. दुसरी, काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे बांधून आधी गठ्ठे मांडायचे, मग सुट्या काड्या. तिसरी, उदाहरणे घरच्या व्यवहारातली घ्यायची आणि हवे त्या भाषेत सोडवू द्यायची. विडीची मजुरी हजारावर मिळते. "पंचवीसचे एक बंडल, तर हजाराला बंडले किती?" माझे वाक्य संपायच्या आत ती म्हणाली, "चाळीस." जिला मी 'ढ' समजत होतो, तिचा हिशेब माझ्याहून चलाख होता.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीने 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला! गणित समितीच्या प्रमुख कै. डॉ. मंगला नारळीकर यांच्यावर टीकेचा भडिमार झाला. मीही त्या वेळी मित्रांत बसून हसलो होतो. आज हसणार नाही. जुनी नावे टाकावीत असे माझे मत नाही. ती आपल्या भाषेचे धन आहेत. परंतु कान आणि वही यांच्यामध्ये एक पायरी लागते, आणि ती बांधणे हे शिक्षकाचे काम आहे.

ती मुलगी आज सातवीत आहे. 'एकोणऐंशी'ला अजून अडखळते, पण फोड म्हणून घेते आणि ७९ लिहिते. आईने शाळेचा विषय पुन्हा काढलेला नाही.

आपल्यापैकी अनेकजण उद्या शिक्षक होतील. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, उत्तर चुकले तर फुली मारण्यापूर्वी मुलाला विचारा, "तू हे कसे केलेस?" माझे ते पंधरा दिवस हा प्रश्न न विचारल्यामुळे वाया गेले, आणि त्यांची किंमत ती मुलगी मोजणार होती.